ढेकळ्या

स्नेहलने घरात एक कायदाच केला होता : शौर्यला शौर्यच म्हणायचं. बाळ्या नाही, बंड्या नाही. एवढं चांगलं नाव असताना टोपणनाव कशाला?

"आगं, टोपण म्हंजे झाकण," सासूबाई, प्रयागबाई, तेव्हा म्हणाल्या होत्या. "दुधावर ठेवतो तसं चांगल्या नावावर ठेवायचं. लाखमोलाची वस्तू कुणी उघडी ठेवतं का? नजर लागती."

"आई, मी मराठी घेऊनच बीए केलंय. अर्थ माहितीये मला. पण नको."

सासूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे त्यांना पटलं, असा स्नेहलचा समज होता.

लोणीच्या यात्रेत या कायद्याचा कस लागला. बैलगाड्यांच्या शर्यती चालल्या होत्या. पोराला ऊन लागेल म्हणून स्नेहलने पिशवीतून टोपी काढली आणि वर पाहते तो डोकंच गायब. तिकडे बैल पळतात त्या घाटात पुढचा गाडा जुंपून तयार. गर्दी रेटत ती माइकवाल्या चिमाजींपाशी पोचली.

"गाडा धरा रं, सोडू नका," चिमाजी भोंग्यावर गरजले. "निळा शर्ट घातलेला शौर्य नावाचा मुलगा हरवलाय. आसंल तिथनं स्टेजवर आणा."

बघता बघता तीन शौर्य स्टेजवर हजर झाले. तिघांचेही शर्ट निळे.

"घ्या ताई, तुमचा कोणता?"

"यातला एकही नाही हो." तिचा आवाज रडवेला झाला.

एवढ्यात चौथा आला. त्याला मिसरूड फुटलं होतं. "मला कोण बोलावतंय?" त्याने विचारलं.

"पुकारा ना अजून, जोरात पुकारा," स्नेहल म्हणाली. चिमाजी पुकारत राहिले. जुंपलेले बैल पाय आपटू लागले.

तेवढ्यात प्रयागबाई धापा टाकत आल्या. "बंद करा ते शौर्य शौर्य. आगं, त्या नावानं तू फकस्त औषध पाजायला न् डोकं धुवायला हाका मारतीस. पोरगं लपून बसलं आसंल."

"मग काय म्हणून हाक मारू?"

सासूबाईंनी पदराचं टोक पिळलं. "तू घरात नसलीस का आमी... ढेकळ्या म्हणतो."

"ढेकळ्या?"

"ढेकळाला कोण नजर लावतंय?"

भांडायला घर होतंच. स्नेहलने चिमाजींच्या हातातला माइक घेतला.

"ए ढेकळ्या... ये रं बाळा. औषध न्हाई, आंघोळ न्हाई. जिलेबी हाय जिलेबी."

बीएचं मराठी कुठल्या कुठे गेलं. सगळा घाट चिडीचूप झाला, आणि मग जिलेबीच्या दुकानातलं टेबल बोललं, "ओ."

टेबलाखालून पाकात माखलेला ढेकळ्या बाहेर आला. लोकांनी त्याला हातोहात उचलून स्टेजवर पोचवलं. "आजच्या घाटाचा राजा, ढेकळ्या," चिमाजींनी पुकारलं, तशी हलगी कडाडली, फेटे उडाले. चारही शौर्य टाळ्या वाजवत होते. माइक अजून स्नेहलच्याच हातात होता, आणि तो परत द्यावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

घरी जाताना गाडीत तिने सहज विचारलं, "आई, माझंही काही ठेवलंय का तुम्ही?"

"छ्या. काहीतरीच तुझं." सासूबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"ठेवलंय की," मांडीवरून ढेकळ्या म्हणाला. "आजी तुला टिटवी म्हनती. पिल्लापाशी कोण आलं का वरडती म्हनून."

प्रयागबाईंनी डोळे मिटून घेतले. आता काय ऐकावं लागतंय, याची त्या वाट पाहत राहिल्या.

स्नेहलने पोराच्या गालावरचा पाक पुसला. "म्हणजे झाकण माझ्यावरही आहे तर," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिचं हसू काही मावळलं नाही.