तीनशे बारावा अर्ज

शहराच्या मधोमध असलेल्या तळ्यात सांडपाणी सोडायचं असेल, तर आमच्या कक्षाचं प्रमाणपत्र लागतं. कक्षाचं नाव नगण्यता कक्ष. मी तिथला प्रमुख लिपिक. अर्जदाराच्या पाइपातून येणाऱ्या पाण्याचा तळ्यावरचा परिणाम नगण्य आहे, असं मी लिहितो, सही करतो आणि शिक्का मारतो. सतरा वर्षांत माझं एकही प्रमाणपत्र खोटं ठरलेलं नाही. असं छातीठोकपणे सांगणारा माणूस दुसऱ्या कुठल्या खात्यात सापडला, तर मला जरूर दाखवा.

नियम साधा आहे. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासायचा. आधीच्या अर्जांचा विचार करायचा नाही, कारण आधीच्यांच्या पाण्याची शिक्षा नंतरच्याला देणं हा अन्याय आहे. म्हणूनच कक्षाला कॅल्क्युलेटर मंजूर नाही. लाँड्रीवाला, दवाखाना, दोन हॉटेलं, सगळ्यांची कामं झाली. रंगाच्या कारखान्याचा पाइप मात्र इतका जाड होता की त्याला नगण्य म्हणताना माझाही हात अडखळला. त्यांचा मॅनेजर हुशार. त्याने जाड पाइप काढून चाळीस बारीक पाइप बसवले आणि चाळीस अर्ज आणून टेबलावर ठेवले. प्रत्येक पाइप खरोखरच नगण्य होता. मी स्वतः पट्टी लावून पाहिला.

याच तळ्यावर माझी थोरली बहीण बोटी भाड्याने देते. वल्हवायच्या आठ बोटी. भाऊजी गेल्यापासून तिचं घर त्या बोटींवरच चालतं. पाणी इतकं नितळ की बोटीत बसून तळाशी डुलणाऱ्या वनस्पती दिसायच्या, आणि लोक त्यासाठीच यायचे. रविवारी ताई माझ्याकडे जेवायला आली, की जेवण होईपर्यंत तळ्याचा विषय चालायचा.

"अरे, वल्ह्याचं पातं दिसेनासं झालंय पाण्यात."

"एकदम?"

"एकदम कसं होईल? दर आठवड्याला बोटभर कमी दिसतं."

"बोटभर म्हणजे नगण्यच की, ताई."

"अशी किती बोटं झाली, ते मोजशील का कधी?"

"बेरीज आमच्याकडे येत नाही," मी म्हणालो. ती कोणाकडे येते, हे तिने विचारलं नाही, ते बरं झालं. मलाही ठाऊक नव्हतं.

एकदा प्रयोगशाळेतल्या बाई तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आमच्या साहेबांकडे आल्या. साहेब खुर्ची मागच्या दोन पायांवर रेलून ऐकत होते.

"साहेब, तुम्ही आत्ता जसे बसला आहात ना, तसं तळं बसलंय," बाई म्हणाल्या. "थोडं मागे गेलं तरी परत जागेवर येतं, म्हणून वाटतं की सगळं ठीक आहे. पण एक जागा अशी येते की त्यानंतर बोटाने ढकललं तरी पुरतं. तळाला उजेड पोचेनासा झाला की वनस्पती मरतात. त्या मेल्या की गाळ सुटतो, उजेड आणखी कमी होतो. मग तळं तीन-चार दिवसांत उलटतं. आणि उलटलं की ते बोट मागे घेऊन सरळ होत नाही."

साहेबांनी दचकून खुर्चीचे चारही पाय जमिनीवर टेकवले. बाईंच्या अहवालावर त्याच दिवशी कार्यवाही झाली. कार्यालयात कोणीही खुर्ची मागे झुकवून बसू नये, असं परिपत्रक निघालं.

पुढच्या महिन्यात आरोग्य खात्याने ताईला नोटीस दिली: बोटीत बसणाऱ्यांसाठी धक्क्यावर हात धुण्याचं बेसिन हवं, नाहीतर परवाना रद्द. ताई अर्ज घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. क्रमांक तीनशे बारा.

"हे पाणी तळ्यातच सोडायचं? मला नको वाटतंय रे."

"अगं, एका बेसिनने काय होतंय? चाळीस पाइपवाल्याला नाही वाटलं काही, आणि तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

तिने नाखुशीने सही केली. मी पाच मिनिटांत प्रमाणपत्र दिलं. सख्ख्या बहिणीचं काम, चहासुद्धा मीच पाजला.

बेसिन शुक्रवारी बसलं. उन्हाचा तडाखा होता. सोमवारी सकाळी तळं हिरवा रंग भरलेल्या डब्यासारखं दिसत होतं आणि मासे पोटं वर करून काठाला लागले होते. आठ बोटी त्या लगद्यात रुतून उभ्या होत्या. ताई धक्क्यावर नाकाला पदर लावून बसली होती. मला तिच्याजवळ जायची लाज वाटली, म्हणून मी लांबूनच पाहणी केली.

चौकशी समिती नेमली गेली. समितीचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. तीनशे अकरा जोडण्या असताना तळं ठीक होतं. तीनशे बारावी आली आणि तळं गेलं. तेव्हा दोषी कोण, हे शाळकरी पोरही सांगेल. शिवाय आधीच्या तीनशे अकरा जणांकडे आपला परिणाम नगण्य असल्याची प्रमाणपत्रं होती. ताईकडेही होतं, पण तिच्या बाबतीत प्रत्यक्ष पुरावा तरंगत होता.

आदेश निघाला: बेसिन काढावे, आणि तळ्याने पंधरा दिवसांत पूर्वस्थितीत यावे. बेसिन काढलं. तळं आलं नाही. साहेबांनी प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावला.

"कारण काढून टाकलं, तरी ऐकत कसं नाही?"

"एकट्या बेसिनने तळं उलटलंच नव्हतं, साहेब. आता निम्म्याहून जास्त पाइप बंद करा, कारखान्याचे आधी. मग काही वर्षांनी बघू."

साहेबांनी फोन ठेवला आणि आदेशाचं पालन न झाल्याबद्दल ताईच्या बोटींचा परवाना कायमचा रद्द करण्याची सुनावणी लावली. बाईंना बोलावलं नाही. त्यांचा मुद्दा बेरजेचा होता आणि सुनावणी एका अर्जाची होती.

सभागृह गच्च भरलं होतं. तळ्यात पाइप असलेले झाडून सगळे आले होते. तळ्यावर त्यांचा फार जीव, काहींचे तर बोलताना डोळे भरून आले. कारखान्याच्या मॅनेजरने माशांसाठी दोन मिनिटं शांतता पाळायची सूचना केली, ती एकमताने मंजूर झाली.

मग ताई उठली. "मी चुकले, बेसिनचं पाणी सोडायला नको होतं. पण माझ्या आधीचं पाणी कुठे गेलं, तेवढं कोणीतरी सांगा. आठ बोटी आहेत, दुसरं काही मला येत नाही."

अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. हजर असलेल्यांपैकी तीस जणांनी हात वर केले, तर प्रकरण फेरविचाराला जाईल आणि सगळे पाइप मोजावे लागतील. तीनशेवर माणसांत तीस हात. आहे कोणी?

लोक एकमेकांकडे बघू लागले. आपल्या एका हाताने थोडेच तीस होणार, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं. माझा हात खिशात होता. मी सरकारी माणूस, आणि सख्खा भाऊ. माझा हात तसाही कोणी मोजला नसता. त्या दिवसापासून ताई माझ्याकडे जेवायला येत नाही, आणि ती येत नाही हे मला फार लागतं.

एकही हात वर गेला नाही. ताईने शेवटचं म्हणून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तुम्ही तिथेच होतात. दर सुट्टीत तुम्ही तिच्या बोटीत बसायचात, तिने तुम्हाला ओळखलं आणि ती थोडी हसलीसुद्धा. तेवढ्यात तुम्ही बुटाची नाडी बांधायला खाली वाकलात, ते परवाना रद्द होईपर्यंत वर आला नाहीत. मी बाजूच्या भिंतीपाशी उभा होतो, मला स्पष्ट दिसत होतं. तुमच्या पायांत चपला होत्या.