महाराजांच्या कुशीवर चढलेली गाडी

एका जंगलात, मुलांनो, वीज अद्याप पोहोचली नव्हती. बॅटऱ्या मात्र पोहोचल्या होत्या. सहलीस येणारी माणसे मोडकी खेळणी तेथेच टाकून जात, आणि सदोबा नावाचे एक साळिंदर ती बिळात नेऊन उकलत बसे.

सदोबाला गुरू नव्हता. पहिला दिवा त्याने रेझिस्टरवाचून जोडला. दिवा फट्कन गेला. तेव्हा रेझिस्टर कशासाठी असतो, हे त्यास उमगले. पहिल्या मोटरीच्या तारा त्याने उलट जोडल्या. गाडी मागे धावून त्याच्याच काट्यांत रुतली. तेव्हा धन आणि ऋण यांतील भेद त्यास उमगला; त्याच्या पत्नीस, वेणूबाईस, तो गाडी उपसताना उमगला.

अखेरीस त्याने काळ्या रेषेवरून आपोआप चालणारी गाडी सिद्ध केली. पोटाखालचे सेन्सर रेषा हुडकीत आणि चाके तिकडे वळत. सदोबाने आनंदाने बिळातच कोलांटी मारली. छतास भोके पडली.

ही वार्ता वाघमहाराजांच्या कानी गेली. महाराजांस शिकार आवडे. ती ओढून आणणे आवडत नसे.

"उद्या तुमची गाडी आमचे भोजन आणील," त्यांनी फर्मावले. "न आणल्यास भोजन तुम्हीच. काटे दिवाणजी काढतील."

दिवाणजी कोल्ह्याने उगाच पंजे चोळले.

दरबारी रिवाज असा, की नजराणा अंगास टेकल्याखेरीज महाराज डोळे उघडीत नसत. म्हणून सदोबाने पांढऱ्या वाळूवर कोळशाची रेषा थेट महाराजांच्या कुशीपर्यंत ओढली.

"अहो, पण ही थांबायची कुठे?" वेणूबाईने विचारले.

"रेषा संपेल तेथे. हे शास्त्र आहे, वेणू."

"असेल बाई. मी आपलं विचारलं."

गाडी मांसाचा तुकडा घेऊन डौलात निघाली. तुकडा कुशीस टेकला. महाराजांनी एक डोळा उघडला. सर्व यथासांग झाले. केवळ रेषा संपली नाही. कोळसा संपला तेथून महाराजांच्या अंगावरचा काळा पट्टा सुरू होत होता.

गाडी पट्ट्यावरून वर चढली. मांस दिवाणजींच्या डोक्यावर पडले. गाडी पाठीवर वळली आणि दुसऱ्या पट्ट्याने बगलेत उतरली.

सदोबाने हात जोडले. "महाराज, माझी चू—"

वेणूबाईने त्यास काटा टोचला.

"हॅ हॅ हॅ!" महाराज चारी पाय वर करून लोळू लागले. "बगलेत नको! अरे, बगलेत नको! हॅ हॅ!"

सदोबा बटण बंद करण्यास धावला.

"हात लावाल तर खाईन!" महाराज गरजले, आणि पुन्हा लोळले.

बॅटरी संपली तेव्हा महाराज डोळे पुसत म्हणाले, "हे तुम्ही मुद्दाम योजले होते?"

"अर्थात, महाराज," सदोबा ताठ मानेने म्हणाला.

तो राजशास्त्रज्ञ झाला. दुसऱ्या दिवशी ससे, हरणे आणि एक वयोवृद्ध अस्वल अंगावर कोळशाचे पट्टे ओढून त्याच्या बिळाबाहेर रांगेत उभे राहिले. महाराजांचे भोजन मात्र आता दिवाणजी ओढून आणतात.

तात्पर्य : मुलांनो, चूक झाल्यास ती प्रांजळपणे कबूल करावी, परंतु तत्पूर्वी राजास गुदगुल्या होतात काय, हे क्षणभर थांबून पाहावे.