असिस्टंट मॅनेजरची भरती

"नंदिनी, खोकी बांधू नकोस! सालवड सोडायचं नाही. तुझा नवरा असिस्टंट मॅनेजर झालाय!" हितेशने दारातूनच जाहीर केलं.

राजनंदिनीने आधी रिद्धीच्या तोंडातलं बाटलीचं बूच काढलं. दीड वर्षाची पोर, दिसेल ते तोंडात!

"पक्की नोकरी?" तिने विचारलं.

"जवळजवळ."

हा शब्द तिला पाठ होता. हितेश चौदा वर्षं गोलकीपर, तोही कायम दुसऱ्या नंबरचा. म्हणजे मुंडावळ्या बांधून मांडवात बसायचं आणि खरा नवरदेव आजारी पडतोय का ते बघायचं! नऊ क्लब झाले. लग्नानंतर पाच वर्षांत चार घरं झाली. दर वेळी नवा गॅसवाला, नवा दूधवाला, नवा बालरोगतज्ज्ञ. तिला आता खोकी दिसली तरी कंबर दुखायची.

या खेपेला पालघरचा क्लब होता. अध्यक्ष रामकिसनशेठांची अट साधी होती: रविवारच्या भरतीला तीस खेळाडू उभे करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका.

"किती जमलेत?"

"चार. एकाचा गुडघा गेलाय."

शेवटी हितेशने घिवलीच्या आपल्या नलूआत्याला गाठलं. आत्या डोक्यावर मासळीची पाटी घेऊन कारखान्यांना खेटलेल्या सालवडच्या गल्लीगल्लीत फिरायची. बोंबील एका घरी, बातमी दहा घरी!

"आत्या, मी असिस्टंट मॅनेजर झालोय. रविवारी सातला पालघरच्या मैदानात भरती आहे. पोरं पाठव."

"पाठवते की! किती पायजेत?"

"मिळतील तेवढी!"

फुटबॉल हा शब्द दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघाला नाही.

रविवारी मैदानात एकशे बारा जण! इस्त्रीचे शर्ट, चकचकीत बूट, हातात प्लास्टिकच्या फायली. एकाने तर टाय लावला होता.

"बघ, फुटबॉलची केवढी क्रेझ!" हितेश फुलून गेला.

राजनंदिनीने एकाच्या फायलीत डोकावून पाहिलं. "अहो, फुटबॉलला आयटीआयचं सर्टिफिकेट कोण आणतं?"

"वयाचा पुरावा असेल गं!" म्हणत त्याने शिट्टी फुंकली. "चला, मैदानाला चार चकरा!"

एकशे बारा जण फायली काखेत मारून धावत सुटले.

"कंपनी बहुत स्ट्रिक्ट है भाई," एक जण धापा टाकत म्हणाला.

"पोलीस भरतीत नाय का धावायला लावत?" दुसऱ्याने समजूत घातली.

मग हितेशने एकेकाला गोलमध्ये उभं केलं. टायवाला मेहुल, फिटर, त्याने पाचच्या पाच चेंडू अडवले! हितेशच्या डोळ्यांत पाणी आलं. मेहुल चिखल झटकत पुढे आला.

"सर, झालो ना सिलेक्ट? शिफ्ट कोणती, फर्स्ट का सेकंड?"

"कसली शिफ्ट?"

"प्लांटमध्ये! तुम्ही असिस्टंट मॅनेजर ना?"

"हो, टीमचा. फुटबॉलच्या!"

मेहुलने टाय सैल केला. मग एकशे बारा तोंडं एकदम सुटली. "फुटबॉल?" "नाईट करून आलोय मी!" "माझा बूट फाटला!" गर्दी पुढे, हितेश मागे, असं करत तो जाळीत जाऊन अडकला. राजनंदिनीने रिद्धीला उचललं आणि फाटक किती लांब आहे ते पाहिलं. मनातल्या मनात ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलीसुद्धा.

तेवढ्यात भरती बघायला आलेली नलूआत्या पदर खोचून मधोमध उभी राहिली.

"ए! गप ऱ्हावा! बोंबलायचा धंदा माझा हाय, तुमचा नाय! लायनीत या आदी! आनि ए टायवाल्या, पाच-पाच चेंडू अडवलास नि आता रडतस? चल, लायन धर!"

बघता बघता रांग लागली. नेमकी त्याच वेळी शेठांची गाडी आत आली. एकशे बारा माणसं सुतासारखी सरळ उभी पाहून शेठ काच खाली करायलाच विसरले.

"हितेश, हे कोणी जमवलं?"

हितेशला खोटं बोलता येत नाही, हीच त्याची खोड. "आत्याने."

"आणि रांग?"

"तीही आत्यानेच."

शेठ खाली उतरले. "बाई, दर रविवारी याल?"

"बाजार आटपून येते की."

"मग आजपासून असिस्टंट मॅनेजर तुम्ही!"

"शेठ, आणि मी?" जाळीतून आवाज आला.

"तू यांच्या हाताखाली."

खोकी माळ्यावर गेली. राजनंदिनी कितीतरी दिवसांनी शांत झोपली. सोमवारी सहालाच फोन वाजला.

"सूनबाय, हितेशला नाक्यावर पाठव लवकर."

"काय झालं आत्या? प्रॅक्टिस आहे?"

"प्रॅक्टिस कसली! पाटी कोन उचलनार? मॅनेजर लोक काय पाटी उचलतात?"