वॉशरचा आहार आणि लॅबचा डीप फ्रीझर

मांजराच्या पिल्लाला कच्च्या मांसावर आणणं मुळीच अवघड नाही. अवघड जातं ते नोंदी ठेवायची सवय नसलेल्यांना. मी चाकणच्या एका कारखान्यात सात वर्षं क्वालिटीत आहे. आम्ही गाड्यांची रबरी सील बनवतो आणि माझ्या वहीत चढल्याशिवाय एक सील गेटबाहेर जात नाही. पाऊण किलोचं मांजर म्हणजे काय चीज!

हे पिल्लू मला कंपनीतच वॉशरच्या खोक्यात सापडलं, म्हणून तिचं नाव वॉशर. दुकानातल्या तयार खाण्याचा भाव ऐकला आणि तिथंच ठरवलं, हिला कच्चं मांस घालायचं. पिंपळे गुरवच्या आमच्या चिकनवाल्याकडे कलेजी-पोटा जवळजवळ फुकटात मिळतो. मोबाइलवर दहा व्हिडिओ बघितले. मांस आधी काही दिवस गोठवून ठेवायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं.

गोठवायचं कुठं? माझी बायको योगिनी माळकरी घरातली. फ्रिजमध्ये कलेजी आली तर मी चऱ्होलीला माहेरी जाईन आणि फ्रिजही नेईन, असं तिनं शांतपणे सांगितलं. फ्रिज तिच्या वडिलांनी दिलेला आहे, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

पण आमच्या लॅबमध्ये डीप फ्रीझर आहे. थंडीत रबर तडकतं का, ते त्यात ठेवून बघतात. एका कोपऱ्यात मी माझा डबा सरकवला. आता लेबल न लावता डबा ठेवायला माझा हात धजत नाही. म्हणून लिहिलं: ‘ट्रायल, लॉट चार’, तारीख आणि सही. वरच्या फळीवर वही. रोज लॅबमधून एका वाटीपुरतं गोठलेलं मांस आणून बाल्कनीतच ठेवायचो, पहाटे शिफ्टला निघताना वाटी भरायचो, संध्याकाळी येऊन वाटी बघायचो, वॉशरचं वजन करायचो आणि दुसऱ्या दिवशी नोंद करायचो.

एवढं सगळं छान चाललेलं असताना गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट एक दिवस आधीच येऊन धडकलं!

इथं एक सांगायला हवं. सात वर्षं झाली तरी मी कॉन्ट्रॅक्टवरच होतो. ऑडिट नीट पार पडलं तर पर्मनंटचं पत्र, नाहीतर मार्चला रामराम, असं आमच्या श्याम सरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यामुळे ऑडिटर सुमेधा मॅडम लॅबमध्ये शिरल्या तेव्हाच मी डीप फ्रीझरच्या पुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला बाजूला करून झाकण उचललं.

त्यांनी लेबल वाचलं आणि ही कसली ट्रायल, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत श्याम सर पुढे झाले. त्यांना काडीची कल्पना नव्हती, पण श्रेय दिसलं की सरांना राहवत नाही. नवीन रबर आहे, कल्पना माझीच, असं त्यांनी ठोकून दिलं.

मॅडमनी वही मागितली. मी दिली. न देऊन काय करणार?

पहिला दिवस, नाकारलं. तिसरा दिवस, निम्मं स्वीकारलं. सहाव्या दिवसापासून पूर्ण स्वीकार. मॅडम मान डोलवत होत्या. मग त्या वजनाच्या रकान्यावर थांबल्या. साडेसातशेचे आठशे चाळीस ग्रॅम कसे झाले, रबर फुगतंय का?

“अपेक्षित आहे मॅडम,” श्याम सर म्हणाले.

मॅडमनी पान उलटलं. नवव्या दिवसाची नोंद त्यांनी दोनदा वाचली, मग मोठ्यानं वाचली.

“संडास घट्ट.”

श्याम सरांनी हळूच दोन पावलं मागे घेतली. मॅडमनी डबा काढून उघडला. मला योगिनीचा चेहरा दिसायला लागला, मार्चमधला.

“मॅडम, ते माझ्या मांजराचं जेवण आहे,” मी म्हणालो. “सरांचा काही संबंध नाही.”

मॅडमनी डब्याचं झाकण परत लावलं. मग त्यांनी डबा आजच्या आज हलवायला सांगितला. श्याम सरांकडे वळून त्या म्हणाल्या, “सकाळपासून तुमची अकरा रजिस्टरं बघितली. सगळी काल रात्री एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेली. खरी वाटली ती एवढी एकच वही. ज्यानं लिहिली त्याला सोडू नका.”

शुक्रवारी पत्र हातात पडलं! पेढे घेऊन मी जवळजवळ पळतच घरी गेलो. वहीनं नोकरी कशी वाचवली ते योगिनीला रंगवून सांगितलं. वॉशर तिच्या मांडीवर टम्म होऊन झोपली होती. योगिनीनं पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

“अहो, रागावू नका. तिनं त्या कलेजीला एकदाही तोंड लावलं नाही,” ती म्हणाली. “मी दूधपोळी घालते. तुमचं ते चिमट्यानं उचलून खालच्या कुत्र्याला टाकते. तुम्ही इतके खुशीत वाटी बघायचात, सांगवेना मला.”

पेढा तिनं मलाच भरवला.

मॅडम सहा महिन्यांनी परत येणार आहेत आणि वही चालू ठेवा असं बजावून गेल्या आहेत. त्यामुळे वाटी मी अजूनही भरतो, आता रोज ताज्या कलेजीनं. कुत्र्याची तब्येत झकास सुधारली आहे. ती नोंद मी वेगळ्या वहीत ठेवतो.