सासूबाईंची भूमिका

लेखकरावांच्या कादंबरीवर सिनेमा निघणार, ही बातमी बायकोने फोन फिरवून फिरवून सगळ्या नातेवाइकांना कळवली आणि इकडे लेखकरावांची झोप उडाली. पाणीपट्टीच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली होती. लेखकराव हे नाव त्यामुळेच पडलेलं, आणि त्या नावाने हाक मारणाऱ्यांपैकी एकानेही ती वाचलेली नव्हती. बायकोला पहिल्याच प्रकरणात झोप लागली होती. थोरल्या भावाने छपाई सुरेख आहे म्हणून कळवलं होतं. आणि सासूबाईंना भेट दिलेली प्रत त्यांच्या डुगडुगत्या टीव्हीखाली सरकवलेली लेखकरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दुसऱ्या कोणा लेखकाला वाईट वाटलं असतं, पण ह्यांना त्या दिवशी जी शांत झोप लागली म्हणता!

कारण त्या कादंबरीत एक सासू होती. ती न विचारता जावयाच्या खोलीत शिरायची, स्वयंपाकघरातल्या प्रत्येक भांड्यावरचं झाकण उचलून वास घ्यायची, जावई ज्या खुर्चीकडे निघालाय नेमकी तीच अडवून बसायची आणि रुसली की कपाटाकडे तोंड करून बसायची. लेखकरावांच्या सासूबाई त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत, आणि यातलं एक न एक त्या रोज करत. तोंडावर बोलायची छाती नव्हती म्हणून लेखकरावांनी सगळी वाफ कागदावर काढली होती, ती कोणी वाचणार नाही या भरवशावर. पुस्तकाचा हा केवढा मोठा फायदा असतो ते त्यांना आत्ता कळलं. सिनेमाचं तसं नाही. सिनेमा लोक बघतात.

तरुण दिग्दर्शक बिचारा खुशीत होता. पुस्तक जेमतेम शे-दोनशे लोकांपर्यंत गेलं असेल, आता सासू घराघरांत पोचेल, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि दर वेळी लेखकराव छताकडे बघत होते. घराघरांत पोचायची गरजच नव्हती, एक जिना चढून वर पोचली तरी कारभार आटोपला असता. सासूबाईंनी बोलणं टाकलं की बायको बोलणं टाकणार, आणि मग त्या घरात लेखकरावांशी बोलायला उरणार फक्त दारावरची घंटा.

शेवटी त्यांनी धीर करून सासू काढून टाकायला सांगितलं. दिग्दर्शक म्हणाला, सर, तीच तर गोष्टीचा जीव आहे, फार तर सासरा करू. सासरे भिंतीवर फोटोत होते. त्यांच्याबद्दल असलं काही दाखवलं तर बायकोने रडून घर डोक्यावर घेतलं असतं. मग नायकाची आई करू, असं ठरलं. पण लेखकरावांची आई थोरल्या भावाकडे राहून दर आठवड्याला एक सिनेमा बघायची. थोरली वहिनी करावी तर भाऊ बिथरणार. शेजारीण करावी, तर खऱ्या शेजारणीकडे यांच्या घराची जादा किल्ली असायची. माणूस म्हटला की तो कोणाचा तरी कोणीतरी निघतोच, हे लेखकरावांच्या ध्यानात आलं.

"मग काय सर, मांजर ठेवू का?" दिग्दर्शक वैतागून बोलून गेला.

लेखकरावांनी त्याचे दोन्ही हात धरले. निर्माता तर आनंदाने उडालाच, कारण मांजर बघायला मुलं येतात आणि मुलांबरोबर आईबापांना यावंच लागतं. पटकथेत जिथे जिथे सासू होती तिथे मांजर लिहिलं गेलं, आणि उभ्या घरावर आलेलं संकट टळलं.

पहिल्या खेळाच्या संध्याकाळी सासूबाई ठेवणीतली साडी नेसून, केस विंचरून अगदी तयार होऊन खाली उतरल्या. सोबत त्यांच्या व्यायामाच्या वर्गातल्या झाडून साऱ्या मैत्रिणी. त्यांनी अख्खी रांग अडवली. लेखकराव मागच्याच रांगेत बायकोशेजारी ऐटीत पाय पसरून बसले. भिण्यासारखं आता काही राहिलंच नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. एक मैत्रीण सासूबाईंच्या कानाला लागून अजून किती वेळ म्हणून विचारू लागली, तशी सासूबाईंनी तिला जरा दम धरायला सांगितलं. थोड्या वेळाने दुसरीने तेच विचारलं. पडद्यावर एक करडं, गुबगुबीत मांजर ढुशी देऊन दार उघडत खोलीत शिरलं, झाकणाला नाक लावून आलं, नायक बसणार तोच उडी मारून खुर्चीत बसलं. लोक खो खो हसत होते. मग नायकाने त्याला हुसकावलं, आणि ते फणकाऱ्याने कपाटाकडे तोंड करून बसलं.

"अगं," पोस्टातून निवृत्त झालेली मैत्रीण चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "हे तर अगदी तुझ्यासारखं करतंय."

सगळ्या रांगेने आधी पडद्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि मग सगळ्यांचे खांदे एकदमच हलायला लागले. हलले नाहीत ते फक्त सासूबाईंचे. लेखकरावांनी पसरलेले पाय पोटाशी घेतले.

सिनेमा सुटल्यावर लोक बाहेर पडत होते, मुलं म्याव म्याव करत होती. सासूबाई मात्र जिन्यापाशी उभ्या राहिल्या.

"जावईबापू, मी कुठाय यात?"

"तुम्ही? तुम्ही कशाला असाल, आई?"

"पुस्तकात आहे की. पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच आहे."

 ती प्रत टीव्हीखाली होती ना, एवढंच लेखकरावांच्या तोंडून निघालं.

"टीव्हीखाली आहे, म्हणून दुसरी विकत आणली. ती उशाशी असते माझ्या." त्यांचा आवाज जरा ओला झाला. "तुम्ही केवढे आजारी पडला होतात, मी उशाशी बसून होते, ते शेवटचं प्रकरण. माझ्याबद्दल कोणी असं लिहील असं मला वाटलं नव्हतं. तेवढ्यासाठी मी झाकणं, खुर्ची, कपाट, सगळं पोटात घातलं. मैत्रिणींना मुद्दाम आणलं ते बघायला. आणि तेही तुम्ही मांजराला दिलंत."

लेखकरावांना खरोखर रडू आलं. ते प्रकरण त्यांनी वाफ काढायला लिहिलंच नव्हतं. ते मनापासून लिहिलं होतं, आणि पुन्हा वाचायची लाज वाटून दिग्दर्शकाकडे सोपवताना डोळे मिटून घेतले होते. तुम्ही रागवाल म्हणून केलं हो आई, असं ते कसंबसं म्हणाले.  रस्ताभर गाडीत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि बायकोनेही खिडकीबाहेर नजर लावली.

घरी आल्यावर सासूबाई वर गेल्या नाहीत. लेखकराव ज्या खुर्चीकडे निघाले होते तिच्यात जाऊन बसल्या. बायकोने विचारलं, आई, काय घेशील?

"दूध," सासूबाई जावयाकडे बघत म्हणाल्या. "यांना देऊ दे. बशीत."