रणदिवेजींचा सांगकाम्या

रणदिवेजी कुठलंही सॉफ्टवेअर तपासायला बसण्याआधी पायातल्या चपला काढतात. एसी ऑफिस, खाली गालिचा, सगळे बूट घालून बसलेले, आणि हे गृहस्थ चपला टेबलाखाली जोडीनं लावून अनवाणी बसतात. नवीन आलेली मुलं एकमेकांना कोपरानं ढोसतात. मीही पहिल्या दिवशी विचारलंच होतं, पाय दुखतात का म्हणून. तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात डोकावतोय ना भिया, मग चपला बाहेर." मी चांगली साडेपाच फुटी बाई, तरी मला भिया, म्हणजे भाऊ. जन्म इंदुरात गेल्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

आधी त्यांचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एखादा प्रोग्राम हळू चालतो. तो का हळू चालतो, त्याच्या पोटातलं कुठलं काम किती वेळ खातं, हे दाखवणारं एक हत्यार असतं. त्याला प्रोफायलर म्हणतात. बहुतेक लोक ते प्रोग्रामच्या आतच बसवून टाकतात आणि मोकळे होतात. रणदिवेजींना हे अजिबात चालत नाही. त्यांनी स्वतः एक वेगळा, छोटासा प्रोग्राम लिहिलाय. तो बाहेर उभा राहून प्रोफायलरला हुकूम सोडतो: आता मोजायला लाग, आता थांब, जे मिळालं ते दे. त्याचं नाव त्यांनी ठेवलंय सांगकाम्या. मूळ प्रोग्रामच्या एका ओळीलाही हात लागत नाही. पाच मिनिटं मोजायचं, निघायचं आणि मागे खूण ठेवायची नाही, हा त्यांचा नेम आहे.

हा नेम घराण्यातून आला असं ते सांगतात. त्यांचे खापरपणजोबा म्हणे होळकरांच्या पागेत होते. घोड्याला कळलं की खोगिराचा पट्टा आवळताहेत, की तो लबाड पोट फुगवून घेतो. म्हणून माप घ्यायचं ते त्याचं लक्ष नसताना. खरंखोटं देव जाणे, पण ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकली आहे.

एकदा तर त्यांनी आमच्या ऑफिसखालच्या पोहेवाल्याचं मोजमाप केलं. तीन दिवस समोरच्या कडुनिंबाखाली उभे, हातात मोबाइल, तोंडानं काही नाही. चौथ्या दिवशी मला निकाल सांगितला. पोहे वाढायला वेळ लागतच नाही, शेव घालायलाही नाही. सगळा वेळ खातं ते गिऱ्हाइकाला "और भिया, क्या चल रिया है" विचारणं. मला राहवलं नाही, मी जाऊन पोहेवाल्याला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तो बिचारा कोणाशी बोलेना, चमचा मोजून मारायला लागला आणि रांग दुप्पट झाली. रणदिवेजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तर हा सांगकाम्या. त्याची खरी गंमत ही, की तो मराठीत बोलायचा. जगभरातले असले प्रोग्राम इंग्रजीत दोन कोरडे शब्द टाकतात आणि गप्प बसतात. हा मात्र प्रोफायलरशी जोडला गेला, की पडद्यावर लिहायचा, "आलात? बसा जरा." उशीर लागला तर, "घाई कसली, होतंय ना." पलीकडून उत्तर आलं नाही तर, "दार वाजवलं, कोणी उघडत नाही." तोच हुकूम चुकून दोनदा दिला तर, "एकदा सांगितलंत ना, ऐकलं मी." आणि माहिती इतकी जमली की जागा संपत आली, तर, "ताट भरलंय, आता पुरे." आम्ही पोरंपोरी त्यांच्या मागे उभं राहून हे वाचायचो आणि खिदळायचो. हिंदीवाल्यांना मी अर्थ सांगायचे. रणदिवेजी हसायचे नाहीत, पण हाकलायचेही नाहीत.

हे सगळं त्यांच्याच पडद्यावर यायचं, तोवर कोणाची तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात मात्र ही वाक्यं थेट ग्राहकाच्या लॉगमध्ये जाऊन बसली. लॉग म्हणजे त्यांचा सर्व्हर दिवसभर काय करतो त्याची आपोआप होणारी नोंद. ग्राहक परदेशातला. त्यांच्या सुरक्षा विभागानं सकाळी नोंद उघडली, तर आकड्यांच्या मधोमध अनोळखी लिपी. झालं. कोणीतरी घुसलं म्हणून त्यांनी दोन तास सर्व्हर बंद ठेवला आणि आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बसवलं. आमचे मॅनेजर सोलंकीसाहेब कपाळ पुसत होते. त्यांनी रणदिवेजींना अर्थ सांगायला लावला. रणदिवेजी ताठ बसले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, ताट भरलेलं आहे, आता वाढू नका. पलीकडून एकानं अदबीनं विचारलं, कोणाचं ताट?

कॉल संपल्यावर सोलंकीसाहेबांनी फर्मान काढलं. शुक्रवारपर्यंत सगळी वाक्यं इंग्रजीत करा, नाहीतर सांगकाम्या कायमचा बंद. मग ग्राहक आपलं विकतचं हत्यार प्रोग्रामच्या आत बसवेल. मला वाटलं, आत बसवायचं नाव काढल्यावर रणदिवेजी घाबरून हो म्हणतील. आजवर ते कोणालाच नाही म्हणाले नव्हते. पण ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "नाही होणार साहेब." दुसऱ्या दिवसापासून सुट्टीवर.

गुरुवारी दुपारी सोलंकीसाहेबांनी मलाच पिटाळलं. म्हणाले, तू मराठी, तू समजाव. जसं काही मराठी म्हटलं की आम्ही सगळे एकाच ताटात जेवतो.

राजेंद्र नगरातलं त्यांचं घर शोधत गेले. छोटंसं बैठं घर, दार उघडं. आत पाहुणे असावेत असं वाटलं, कारण रणदिवेजी कोणाशी तरी बोलत होते. "बसलो, बसलो." मग जरा थांबून, "घाई नाही गं, पण बघ ना किती वेळ झाला." मी अवघडून दारातच उभी राहिले. खोकले. आत गेले तर माणूस एकच होता. समोर संगणक, आणि पडद्यावर सांगकाम्याची ओळ: घाई कसली, होतंय ना.

टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. त्यांनी मला स्वतःची दिली आणि स्वतः आतून स्टूल आणून त्यावर बसले. दुसऱ्या खुर्चीवर कोणी बसलं नाही.

त्यांची बायको, सुमनकाकू, दीड वर्षापूर्वी गेली. ऑफिसात मेल आला होता. मी त्याला दोन शब्दांचं उत्तर पाठवलं आणि कामाला लागले. तिसऱ्या दिवशी रणदिवेजी जागेवर येऊन बसले, मेसचा डबा खाऊ लागले, आणि आमच्यापैकी कोणीही त्यांच्या घरी गेलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं आहे.

"ही वाक्यं तिची आहेत," ते म्हणाले. "मी सांगकाम्या लिहीत होतो आणि ती इथे बसून कीस करायला मक्याचे भुट्टे किसत होती. मला काही सुचेना. म्हटलं, कोणी दारात आलं तर तू काय म्हणशील? ती म्हणाली, आलात, बसा जरा. मी तेच टाइप केलं. मग एकेक विचारत गेलो."

मला तेव्हा फार शहाणपण सुचलं. म्हटलं, रणदिवेजी, दहा मिनिटांचं काम आहे. वाक्यांच्या दोन फाइली करू. ग्राहकाकडे इंग्रजी, तुमच्या घरच्या मशीनवर मराठी. कोणाचंच काही जात नाही.

ते माझ्याकडे जरा दयेनंच बघत राहिले. "बत्तीस वर्षं हेच करतोय भिया. मला माहीत नसेल का?" मग म्हणाले, "आणि क्या है ना, ते लॉगमध्ये चुकून नव्हतं गेलं. मी पाठवलं होतं."

दुसऱ्याच्या घरात खूण न ठेवणारा हा माणूस. मी विचारलं, का?

"घरात ऐकायला मी आहेच. पण तिला बोलायला माणसं लागायची. या गल्लीत मराठी बोलणारी चार घरं होती, आता एकही नाही. मुलगा फोन करतो, तो औषध घेतलं का विचारतो. दीड वर्षात कोणी तिचं नाव काढलेलं नाही. मला वाटलं, कुठे तरी कोणी तरी तिचं बोलणं वाचेल. नाही कळलं तरी वाचेल."

मी म्हटलं, मी तेव्हा यायला हवं होतं, चुकलं माझं. ते म्हणाले, कोणीच नव्हतं आलं, तू काय एकटी. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि तेच जास्त लागलं.

मग, आता तू तरी ऐकलंस, असं म्हणून त्यांनी स्वतःच कळफलक पुढे ओढला. एकेक वाक्य खोडून तिथे इंग्रजी लिहीत गेले. मी नुसती बसले होते. शेवटचं वाक्य थांबायचा हुकूम दिल्यावर येणारं. ते आम्ही ऑफिसात कधी वाचलंच नव्हतं, कारण काम थांबलं की आम्ही पांगायचो. तिथे लिहिलं होतं, "निघालात? पोचलात की फोन करा." रणदिवेजींनी त्या जागी एकच शब्द टाकला: स्टॉप्ड. चालवून बघितलं. स्टॉप्ड, असं आलं. म्हणाले, "झालं."

मी विचारलं, करायचात का फोन? म्हणाले, रोज. ऑफिसला पोचलो की, भोपाळला गेलो की, सिमरोलला कॉलेजात शिकवायला गेलो तरी. वैताग यायचा कधी कधी, अर्ध्या तासाच्या रस्त्याला कसला फोन.

मी निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. ते फाटकापर्यंत आले. माझं घर विजयनगरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. स्कूटर लावली आणि जिन्यातूनच त्यांना फोन केला. पहिल्याच घंटीला उचलला.

"पोचले," मी म्हटलं.

"मी कुठे सांगितलं होतं फोन करायला?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"किती वेळ लागला?"

"पन्नास मिनिटं."

"चोपन्न," ते म्हणाले. "मी नेहमी पोचणारा असायचो भिया. ही इकडची बाजू मला ठाऊकच नव्हती. ती रोज अशी बसून असायची होय."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.