वरच्या माळ्याचं पेन्शन

माणूस नोकरीला लागतो पोटासाठी आणि निवृत्त होतो स्लॅबसाठी, हे अमरावती-अकोला पट्ट्यातलं मान्यताप्राप्त अर्थशास्त्र आहे. बाकीचे लोक म्हातारपणाचा पैसा बँकेत ठेवतात, पोस्टात ठेवतात. भित्रे लेकाचे! आम्ही तो विटांत ठेवतो. वीट कोणी खिशातून मारत नाही, आणि कितीही अडलं तरी ती मोडून औषध आणता येत नाही. याहून सुरक्षित गुंतवणूक कोणती?

आमच्या कॉलनीतले देवीदासभाऊ गावंडे मूळचे दर्यापूरकडचे. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि भरपूर सल्ले मिळाले. शेवटचा सल्ला घरी मिळाला, साधनाताईंकडून.

"अवो, पैसा पोस्टात टाका. महिन्याले व्याज येईन. अन् माह्ये गुडघे गेले, तं खाली एक खुर्चीवानी बसाचा संडास करून घ्या. मले दुसरं काई नाई पायजे."

देवीदासभाऊंनी प्रस्ताव शांतपणे ऐकून घेतला आणि (प्रथेनुसार) फेटाळला.

"पोस्टात काहून? विपुल उद्या बायको घेऊन आला तं कुठी झोपन? वर माळा चढवतो."

विपुल हे एकुलते चिरंजीव. पुण्यात असतात. (कंपनीत. कोणत्या ते वडिलांना सांगता येत नाही, पण मोठी आहे.) तो परत येणार, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं. फक्त विपुलला सांगायचं राहून गेलं होतं.

माळा चढला. फंड गेला, ग्रॅच्युइटी गेली, ग्रिलच्या वेळी साधनाताईंच्या पाटल्या गेल्या. सूनबाईंसाठी गिझर लागला, गुलाबी टाइल्स लागल्या आणि बसायचा संडासही झाला. वर. म्हणजे साधनाताईंची मागणी तत्त्वतः मंजूर झाली. मधे तेवढा जिना होता. रोज सकाळी त्या कठडा धरून देवाचं आणि नवऱ्याचं नाव घेत चढायच्या. देवाचं हळू घ्यायच्या.

कॉलनीत असे अकरा माळे आहेत. (पाहणी मीच केली, त्यामुळे आकडे बिनचूक आहेत.) त्यांत राहणारी माणसं शून्य. कुरडया, शेवया आणि मिरच्या मात्र सहकुटुंब राहतात. चार माळ्यांवर नातवाच्या पाळण्यासाठी छताला हूक आहे. नातू नाही, पण हूक पक्का आहे.

दिवाळीत विपुल आणि सूनबाई प्राजक्ता आले. माळा पाहिला, फोटो काढले, "मस्तच!" म्हणाले आणि वर एकटं एकटं वाटतं म्हणून खाली हॉलमध्येच गादी टाकून झोपले. तिसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली. त्यांना निरोप देऊन साधनाताई जिना चढायला गेल्या, दोन पायऱ्या चढल्या आणि तिथंच बसून रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी तालुक्यात कुणी ऐकला नव्हता असा निर्णय घेतला. देवीदासभाऊ भाजीला गेलेले असताना माळा भाड्यानं देऊन टाकला. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात जाणाऱ्या रागिणी आणि नीलम या दोन पोरी राहायला आल्या, आणि त्यांच्या डिपॉझिटातून खाली संडास झाला. देवीदासभाऊ आठ दिवस रुसले. नवव्या दिवशी स्वतः जाऊन बसून आले आणि म्हणाले, "बरं हाय वो."

पुण्याचा फोन मात्र लगेच आला. "आई, माझा माळा परक्याला? काहून? मी लवकरच येऊन राहिलो ना!"

"कवा?" साधनाताईंनी विचारलं.

तेवढ्यात रेंज गेली. ती अजून आलेली नाही.

हसलात? बरं वाटलं. आता सांगा, हे वाचत कुठं बसलात? पुण्यातच ना? मग एक निरोप आहे: तुमच्या माळ्यावर यंदा कुरडया छान वाळल्या. तुमच्या आईनंच वर जाऊन घातल्या. गुडघ्याचं काही बोलली नाही.